पुन्हा चार्ज होणारे सेल: दुकानावर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमळनेरला माझं घड्याळं, रिमोट आणि रेडिओ दुरुस्त करायचं लहानसं दुकान आहे. दुरुस्तीला येणाऱ्या दहा वस्तूंपैकी तीन-चार तरी बिघडलेल्या नसतातच, त्यातले सेल बसलेले असतात नाहीतर पाझरलेले असतात. मग काउंटरवर सेलांची चर्चा सुरू होते, आणि मी तीच उत्तरं पुन्हा पुन्हा देतो. ती इथे एकदाची लिहून ठेवली आहेत.

आपल्याकडे ‘बॅटरी’ म्हटलं की हातात धरून मारायची टॉर्च, म्हणून गोंधळ नको. खाली जिथे ‘सेल’ लिहिलंय तिथे तो पेन्सिल सेल, आणि ‘बॅटरी’ म्हणजे टॉर्चच. इन्व्हर्टर आणि फवारणी पंपाची बॅटरी हा वेगळा विषय आहे, त्यांचं इथे काही नाही.

चार्जिंगचे सेल खरंच परवडतात का? एकेक सेल अडीचशेला म्हणता!

ते सेलाच्या किमतीवर ठरत नाही. तो ज्या वस्तूत घालणार ती वस्तू सेल किती लवकर खाते, त्यावर ठरतं.

दोन घरांचा हिशेब मांडतो. भाव कमी-जास्त होतात, म्हणून सोयीचे आकडे धरू: चार चांगले चार्जिंगचे सेल १,००० रुपये, बरा चार्जर १,००० रुपये, म्हणजे सुरुवातीचा खर्च २,०००. अल्कलाइन सेल, म्हणजे चार्ज न होणारा पण साध्या सेलापेक्षा जास्त चालणारा, ४० रुपयांना एक.

पहिलं घर शेतकऱ्याचं. पंपाची लाईट रात्रपाळीची, म्हणजे गव्हाला-हरभऱ्याला पाणी भरायला रात्रीच जायचं. दोन सेलांची बॅटरी रोज तासभर चालते आणि आठवड्याला दोन अल्कलाइन सेल संपतात. ८० रुपये आठवडा. दोन हजार रुपये पंचवीस आठवड्यांत फिटले, म्हणजे पहिल्या रब्बीत जवळजवळ सगळे वसूल, आणि दुसऱ्या रब्बीपासून खर्च फक्त विजेचा. त्यातही दोन सेल बॅटरीत आणि दोन चार्ज होऊन तयार, अशी पाळी लावता येते.

दुसऱ्या घरात फक्त भिंतीवरचं घड्याळ आहे. त्याला वर्षाला एक साधा सेल लागतो, पंधरा रुपयांचा. तिथे अडीचशेचा सेल घातला तर किंमत वसूल व्हायला सोळा-सतरा वर्षं, तीही चार्जर धरला नाही तर. तोपर्यंत घड्याळ राहील का, हाच प्रश्न आहे.

तुमचं घर या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी असणार. खात्री करायची तर सेल बदलला की भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला फुली मारा आणि शेजारी वस्तूचं नाव लिहा. दोन महिन्यांत चित्र स्पष्ट होतं. माझ्या घरी निम्म्याहून जास्त फुल्या नातवाच्या मोटारीच्या निघाल्या.

विजेचं बिल वाढेल ना?

नाही. २,००० एमएएचच्या (हे सेलात किती वीज मावते त्याचं माप, खाली येईलच) एका सेलात साधारण २.४ वॅट-तास वीज मावते. चार्जरमध्ये वाया जाते ती धरून पाच म्हणा. एका युनिटमध्ये २०० सेल भरतात. युनिट दहा रुपयांना धरलं तरी सेलामागे पाच पैसे.

मग कशात घालायचे आणि कशात नाही?

घाला: बॅटरी, डोक्याला बांधायचा दिवा, मुलांची खेळणी, रेडिओ, कॉम्प्युटरचा वायरलेस माऊस, ट्रिमर, कॅमेऱ्याचा फ्लॅश. थोडक्यात, जी वस्तू महिन्या-दोन महिन्यांत सेल मागते ती.

नका घालू: घड्याळ, टीव्हीचा रिमोट. यांना साधा सेल पुरतो. मात्र साधा सेल संपल्यावर आत ठेवला की पाझरतो, त्यामुळे वर्षातून एकदा, आखाजीला म्हणा नाहीतर दिवाळीच्या साफसफाईत, घरातले सगळे रिमोट उघडून बघा.

बीपी मोजायच्या मशिनचं विचारतात. चालतात, पण काही मशिनी सेल निम्मा भरलेला असतानाच ‘सेल बदला’चं चिन्ह दाखवतात. आधी मशिनचं माहितीपत्रक वाचा. त्यात अल्कलाइनच घाला असं लिहिलं असेल तर तिथे काटकसर नको.

आणि गोल बटणासारखे सेल, वजनकाट्यात आणि साखर मोजायच्या मशिनमध्ये असतात ते, चार्ज करायचे नसतात. चार्जरमध्ये चिमट्याने धरून ते चार्ज करायचा प्रयत्न एका पोराने केला होता. सेल फुटला. डोळा वाचला हे नशीब.

त्याच्यावर १.२ व्होल्ट लिहिलंय. आपल्याला तर दीडचा लागतो ना?

ही शंका रास्त आहे. अर्धी गिऱ्हाइकं पाकीट हातात घेऊन इथेच परत फिरतात.

अल्कलाइन सेल दीड व्होल्टवर सुरू होतो हे खरं, पण तो दीडवर राहत नाही. वापराच्या पहिल्या तासापासून उतरत जातो आणि अर्ध्या वाटेवर साधारण १.२ वरच आलेला असतो. चार्जिंगचा निकेलचा सेल (म्हणजे ‘निकेल मेटल हायड्राइड’, पाकिटावर NiMH) भरल्याबरोबर १.४ च्या आसपास असतो, लवकरच १.२ वर येतो आणि मग जवळजवळ शेवटपर्यंत तिथेच टिकून राहतो. त्यामुळे बॅटरीचा उजेड एकसारखा मिळतो. शेवटी मात्र झपाट्याने पडतो. एक व्होल्टच्या खाली गेला की सेल रिकामा समजायचा आणि तिथेच थांबायचं.

अडचण येते ती सहा-आठ सेल ओळीने लागणाऱ्या जुन्या वस्तूंत. तिथे प्रत्येकी ०.३ ची तूट साठत जाते, आठ सेलांना बाराऐवजी साडेनऊ व्होल्ट मिळतात. जुन्या पिवळ्या बल्बच्या बॅटरीतही उजेड किंचित मंद वाटेल. एलईडीच्या बॅटरीला सहसा फरक पडत नाही.

जास्त एमएएचचा सेल घेतला की झालं?

इथेच लोक फसतात, आणि मीही फसलो आहे.

एमएएच म्हणजे सेलात किती वीज मावते त्याचं माप. पेन्सिल सेलाच्या, म्हणजे डबल एच्या डबीत निकेलची वीज फार फार तर २,७००-२,८०० मावते. त्यापुढचे आकडे छापखान्याचे असतात. बारक्या ट्रिपल एमध्ये ७५० ते ९५० म्हणजे चांगला.

तीन वर्षांपूर्वी मी ऑनलाइन ३,००० लिहिलेले चार सेल मागवले. स्वस्त मिळाले म्हणून खूश. मोजणाऱ्या चार्जरवर लावले तर एकही १,१०० च्या वर गेला नाही. मग सराफ बाजारात मित्राच्या दुकानी गेलो आणि सोन्याच्या काट्यावर दोन्ही सेल ठेवले. माझा जुना पांढरा २,००० चा सेल भरला २६ ग्रॅम ७००. नवा तीन हजारी भरला १९ ग्रॅम. मित्र म्हणाला, “जिभाऊ, हाई तं मोडमधबी घेत नहीं मी.” घाट कितीही चांगला असला तरी वजन नाही तर माल नाही, ही सराफाची समज इथे तंतोतंत लागू पडते. चांगला डबल ए २६ ते ३० ग्रॅम भरतो, ट्रिपल ए १२-१३. सोन्याचा काटा नसेल तर मिठाईवाल्याचा चालेल, चार सेल एकदम ठेवा आणि भागा.

खऱ्या जास्त एमएएचच्या सेलाचीही एक किंमत असते. तेवढ्याच डबीत जास्त माल कोंबला की आयुष्य घटतं. पॅनासॉनिकच्या एनेलूपचंच बघा: काळा, २,५०० चा ‘प्रो’ सेल कंपनीच्या सांगण्याप्रमाणे ५०० वेळा चार्ज होतो. साध्या पांढऱ्या २,००० वाल्याचा दावा याच्या कितीतरी पट आहे. घरच्या वापराला माझं मत सरळ १,९००-२,००० च्या बाजूने. कॅमेऱ्यावाल्याने मोठा घ्यावा, त्याला एका लग्नात संपवायचा असतो.

पाकिटावर नेमकं काय बघू?

‘लो सेल्फ डिस्चार्ज’ किंवा ‘प्री-चार्ज्ड’, ‘रेडी टू यूज’ यातलं काहीतरी हवं. एवढी एक गोष्ट बघितली तरी निम्मं काम झालं.

कारण असं की जुन्या पद्धतीचा निकेलचा सेल नुसता कपाटात ठेवला तरी रिकामा होत जातो, रोज जवळजवळ एक टक्का, उन्हाळ्यात त्याहून जास्त. दिवाळीला भरून ठेवलेला सेल होळीला हातात घेतला की ठार. ‘चार्जिंगचे सेल बेकार असतात’ हे जे अनेकांच्या डोक्यात बसलंय ते त्या काळचं आहे. २००५ साली सान्यो कंपनीने एनेलूप काढला आणि हा दोष मोठ्या प्रमाणात गेला. पुढे सान्यो पॅनासॉनिककडे आली. आता कंपनी सांगते की भरून ठेवलेल्या सेलात दहा वर्षांनंतरही ७० टक्के वीज राहते. ते थंड, कोरड्या जागेचं मोजमाप असणार, आपल्या पत्र्याच्या घरातलं नाही. तरीही वर्षभराने सेल काढला आणि बॅटरी लखलखली, हा माझा स्वतःचा अनुभव आहे.

अशा सेलांचे इतर कंपन्यांचेही पर्याय मिळतात, नावाला अडून राहू नका. भारतीय मानक ब्युरोची खूण, आयएस १६०४६ हा आकडा आणि ‘आर-’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक छापलेला आहे का ते बघा. ‘निकेल कॅडमियम’ लिहिलेलं असेल तर खाली ठेवा. तो जुना माल आहे आणि कॅडमियम विषारी.

चार्जर कोणता? सेलाबरोबर फुकट येतो तो चालेल का?

पैसे कमी असतील तर सेल दोनच घ्या, पण चार्जर बरा घ्या. चांगला सेल वाईट चार्जरमध्ये वर्षभरात मरतो. तो सेल चांगल्या चार्जरमध्ये पाच-सात वर्षं सहज काढतो.

फुकटच्या चार्जरला सेल भरला की नाही ते कळत नाही. तो ठरलेले तास करंट देत बसतो, नाहीतर तुम्ही काढेपर्यंत देतच राहतो. चांगला चार्जर सेलाचा व्होल्टेज सतत बघतो. निकेलचा सेल पूर्ण भरला की व्होल्टेज किंचित खाली येतो, ती खूण ओळखून तो थांबतो.

दुसरी गोष्ट, प्रत्येक खणाला वेगळा दिवा हवा. ज्या चार्जरमध्ये सेल जोडीनेच लावावे लागतात तो दोघांना एकाच मापाने जेवायला वाढतो. एक उपाशी राहतो, दुसऱ्याला अजीर्ण.

वेगाचं म्हणाल तर डबल एला ५०० ते १,००० मिलीअँपिअर ठीक. २,००० चा सेल ५०० वर चार-साडेचार तास घेतो. ‘एका तासात फुल’वाल्या चार्जरपासून लांब राहा, आपल्या हवेत तर नक्कीच. सेल कोमट लागला तर काळजी नाही, चटका बसला तर काढून घ्या.

चार्जिंग चालू असताना लाईट गेली तर?

चार्जर बरा असेल तर काही होत नाही. लाईट आल्यावर तो सेल पुन्हा तपासतो, भरलेला असला की थोड्या वेळात थांबतो.

तासांवर चालणाऱ्या चार्जरचं मात्र घड्याळ शून्यावर येतं. समजा तो आठ तासांचा आहे. सहा तास झाले, लाईट गेली, परत आली, की तो नव्याने आठ तास मोजायला लागतो. भरत आलेल्या सेलात आणखी आठ तास! आपल्याकडे लाईट एकदा गेली आणि थांबली असं कुठे होतं? मुंबई-पुण्याला असा चार्जर कदाचित निभावेल, खानदेशात तो सेल भाजूनच काढतो.

उन्हाळ्यात काय काळजी घ्यायची?

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ च्या पुढे जातो. निकेलचे सेल साधारण ४० अंशांपर्यंतच्या हवेत चार्ज करायचे असतात. म्हणजे आपल्याकडे मार्चअखेर ते जूनपर्यंत दुपारी चार्जर लावायचाच नाही. रात्री झोपताना किंवा पहाटे लावा, जमिनीवर, शहाबादी फरशीवर ठेवलेला उत्तम. पत्र्याखालच्या माळ्यावर, मोटरसायकलच्या डिक्कीत, खिडकीच्या उन्हात सेल ठेवू नका. उष्णतेने सेल नुसता रिकामा होत नाही, म्हाताराही होतो.

फ्रिजची गरज नाही. बाहेर काढल्यावर त्याच्यावर दव धरतं, तेच नडतं. स्वयंपाकघरातला खालचा, अंधारा फडताळाचा कप्पा पुरे. माठाशेजारी ओल असते, तेवढी जागा सोडून.

सेल उन्हात ठेवले की चार्ज होतात म्हणतात?

आमच्या वडिलांच्या रेडिओचे सेल अंगणातल्या ओट्यावर ओळीने पडलेले मला आठवतात. संध्याकाळी ते घातले की बातम्या पुन्हा ऐकू यायच्या, फार तर एक-दोन दिवस. त्यामुळे हा समज पिढ्यान्‌पिढ्या पक्का आहे.

सेल चार्ज होत नाही. साध्या जस्ताच्या सेलात उरलीसुरली रसायनं उबेने जरा चलाख होतात आणि तळाशी राहिलेली वीज निघते. विहीर आटल्यावर झऱ्याजवळ वाटी लावून पाणी काढावं, तसं. चार्जिंगच्या सेलाला मात्र ऊन दाखवू नका, त्याला त्यातून काही मिळत नाही आणि नुकसान नक्की.

दोन नवे, दोन जुने असे एकत्र चालतात का?

नाही. एका जोखडाला ताजा बैल आणि थकलेला बैल जुंपला तर काय होतं ते सांगायला नको. इथे तर थकलेला आधी रिकामा होतो आणि बाकीचे त्याच्यातून करंट ढकलतच राहतात, त्याने तो उलटा चार्ज होतो. तो कायमचा जातो. बॅटरी रात्रभर चालू राहिली की हाच प्रकार होतो.

विकत घेतल्या दिवशी मार्करने सेलांवर अ-अ, ब-ब असं लिहा. एक जोडी एकत्र घालायची, एकत्र काढायची, एकत्र चार्ज करायची. घरातल्या पोरांना हे काम द्या, ती बरोबर पाळतात.

ते यूएसबीच्या वायरने चार्ज होणारे दीड व्होल्टचे सेल कसे?

त्यांच्या आत लिथियमचा सेल आणि व्होल्टेज उतरवणारं बारीक सर्किट असतं. वेगळा चार्जर नको, मोबाइलचाच चालतो, आणि शेवटपर्यंत पूर्ण दीड व्होल्ट. ज्या वस्तू १.२ वर कुरकुरतात त्यांना हे बरे.

पण तीन गोष्टी सांभाळा. एक, आकड्याची गंमत. पाकिटावर ३,००० असतं ते एमएएच नसून मिलीवॅट-तास. दीडने भागा, २,००० एमएएच आले. निकेलचा २,००० एमएएचचा सेल त्याच मापात २,४०० भरतो. म्हणजे फरक पाव भागाचा, दिसतो तेवढा नाही. दोन, रेडिओत घातले तर आतलं सर्किट मीडियम वेव्हवर खरखर करू शकतं.

तिसरी मला जास्त महत्त्वाची वाटते. हे सेल संपताना सूचना देत नाहीत. उजेड लखलखीत असतो आणि पुढच्या क्षणी काळोख. दुकानात बसून हे गंमतीचं वाटतं. रात्री एक वाजता बांधावर, पायाखाली काय आहे ते दिसत नसताना नाही. शेतावरच्या बॅटरीत मी निकेलचेच घालून देतो. ते शेवटची काही मिनिटं मंद होऊन सांगतात तरी.

निकेलच्या चार्जरमध्ये हे लिथियमचे सेल कधीही लावू नका.

मोठे सेल, गॅस गिझरला लागतात ते, चार्जिंगचे घ्यावेत का?

गॅस गिझरला नको. ठिणगीपुरतं काम, साधे सेल महिनोन्‌महिने जातात.

मोठ्या बॅटरीसाठी किंवा रेडिओसाठी घेणार असाल तर पुन्हा वजन. खरा मोठा चार्जिंगचा सेल ८,००० ते १०,००० एमएएचचा, दीडशे ग्रॅमच्या वर. स्वस्तातला मोठा सेल उघडून बघितला की आत पेन्सिल सेल आणि भोवती पोकळी निघते. २,५०० लिहिलेला मोठा सेल म्हणजे तोच. त्यापेक्षा प्लॅस्टिकचं पोकळ कव्हर घ्या आणि आपला पेन्सिल सेल त्यात घाला, तेवढंच काम होतं.

पूर्ण संपवूनच चार्ज करायचा ना?

ते निकेल कॅडमियमच्या काळातलं. आता गरज नाही, हवा तेव्हा चार्ज करा.

रिमोटमध्ये सेल पाझरला, पांढरं-हिरवं काहीतरी साचलंय. रिमोट गेला का?

बहुधा नाही. सेल उघड्या बोटांनी न काढता कागदाने धरून काढा. अल्कलाइन सेलाची पांढरी पूड असेल तर कान साफ करायच्या काडीवर लिंबाचा एक थेंब घेऊन स्प्रिंगवर फिरवा, जरा फसफसेल. साध्या सेलाचा मळ असेल तर लिंबाऐवजी खाण्याच्या सोड्याचं पाणी. नंतर कोरड्या काडीने पुसा, वाळू द्या, स्प्रिंग बारीक पॉलिश पेपरने घासा. मी याचे तीस रुपये घेतो, पण घरी होण्यासारखं काम आहे. चार्जिंगचे निकेलचे सेल क्वचितच पाझरतात, हा त्यांचा न सांगितला जाणारा फायदा.

सेल म्हातारा झाला हे कसं ओळखायचं?

चार्जर त्याला घेतच नाही, किंवा दहा मिनिटांत ‘फुल’ दाखवतो आणि बॅटरी दहाच मिनिटं चालते. मोजणारा चार्जर असेल तर आकडा दिसतो. निम्म्यावर आला की मी त्याला बॅटरीतून काढून टीव्हीच्या रिमोटमध्ये टाकतो. तिथे त्याची पेन्शन सुरू.

आणि शेवटी टाकायचा कुठे?

लहानपणी आम्ही संपलेले सेल दगडाने फोडायचो, आतल्या काळ्या कांडीने ओट्यावर खेळाची घरं आखायचो आणि तसेच हात धुतल्यासारखं करून जेवायला बसायचो. पोरांना आता ते करू देऊ नका.

उकिरड्यावर टाकलेला सेल शेणखताबरोबर वावरात जातो, हे लक्षात घ्या. चुलीत किंवा होळीत तर नाहीच, फुटतो. २०२२ च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांनी वापरलेले सेल परत गोळा करायची जबाबदारी बनवणाऱ्या कंपन्यांवर टाकली आहे. सेलावर फुली मारलेल्या कचरापेटीचं चित्र असतं ते घरच्या कचऱ्यात टाकू नका म्हणूनच. जुने सेल प्लॅस्टिकच्या बरणीत साठवा, टोकांना चिकटपट्टी लावून. बरणी भरली की ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. माझ्या काउंटरखालीही एक बरणी आहे.

तुमच्याकडे सेल भरून मिळतात का?

मिळतात. नाव लिहिलेली चिठ्ठी रबराने गुंडाळून ठेवा, संध्याकाळी सहाला न्या. मे महिन्यात रात्री लावतो, म्हणून सकाळी. आणि लाईटच नसेल तर फोन करून या, उगाच चक्कर नको.